नव्या जपानी ॲनिमे मालिकांचे समीक्षण व बालप्रेक्षकांच्या दृष्टीने त्यांची योग्यता : एक विवेचन

प्रस्तावना :

भारतीय ग्रंथपरंपरेत ग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार बाबी स्पष्ट करण्याची रीत आहे. यांस अनुबंधचतुष्टय म्हणतात. यांपैकी 'अधिकारी' म्हणजे त्या ग्रंथाच्या श्रवणास वा वाचनास पात्र असलेली व्यक्ती होय. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या दासबोधाचा पहिला समासच श्रोत्यांच्या पृच्छेने सुरू होतो. हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे आणि तो ऐकल्याने काय प्राप्त होते, याचे उत्तर तेथे आधी दिले जाते आणि मग निरूपण पुढे जाते. आज मुलांसमोर येणाऱ्या दृक्-श्राव्य आशयाविषयी मात्र हा साधा प्रश्नही घरात विचारला जात नाही.

2020 मधील कोरोना साथीच्या काळात ऑनलाइन शिक्षणाच्या निमित्ताने ग्रामीण भागातील अनेक घरांत मुलांच्या हाती स्मार्टफोन आला. शाळा पुन्हा सुरू झाल्या, फोन मात्र मुलांच्या हातीच राहिला. ऊसतोडणीच्या हंगामात आई-वडील बाहेरगावी आणि मुले आजी-आजोबांजवळ, हे मराठवाड्यातील कित्येक कुटुंबांचे वास्तव आहे. नातवाच्या पडद्यावर रंगीत चित्रे हलताना दिसली की 'कार्टून पाहतोय, पाहू दे' असे म्हणून आजी निश्चिंत होते. ही निश्चिंती कितपत सार्थ आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

1. ॲनिमे म्हणजे बालमनोरंजन या समजाची चिकित्सा करणे.
2. वयोगटानुसार वर्गीकरणाच्या प्रचलित व्यवस्था व त्यांच्या मर्यादा समजून घेणे.
3. नव्या मालिकांच्या समीक्षणासाठी उपयुक्त निकष मांडणे.
4. या संदर्भात ग्रामीण महाविद्यालयाची भूमिका स्पष्ट करणे.

अभ्यास पद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. निवडक मालिका व चित्रपट, तसेच त्यांच्याशी संबंधित भारतीय नियम हा विवेचनाचा आधार आहे.

1. भारतातील ॲनिमेची वाटचाल :

ओसामु तेझुका यांच्या 'ॲस्ट्रो बॉय' या मालिकेचे प्रक्षेपण जपानी दूरचित्रवाणीवर 1 जानेवारी 1963 रोजी सुरू झाले आणि साप्ताहिक ॲनिमे मालिकांच्या युगास प्रारंभ झाला. आपल्याकडे 1993 मध्ये दूरदर्शनवर आलेली 'द जंगल बुक' ही मालिका मूळची जपानी होती, हे तेव्हाच्या बहुतेक प्रेक्षकांना ठाऊकही नव्हते. मोगली सर्वांना आपल्याच रानातला वाटला. पुढे 2003 मध्ये 'पोकेमॉन', 2005 मध्ये 'डोरेमॉन' व 2006 मध्ये 'शिन-चॅन' या मालिका भारतीय वाहिन्यांवर आल्या. नोबिता व शिझुका ही नावे खेड्यापाड्यांतील मुलांच्या तोंडी रुळली.

महाराष्ट्राशी थेट संबंध असलेले एक उदाहरण येथे नोंदवणे उचित ठरेल. 2012 मध्ये 'सूरज : द रायझिंग स्टार' ही भारत व जपान यांच्या सहकार्याने तयार झालेली मालिका प्रक्षेपित झाली. बेसबॉलवरील एका जुन्या जपानी मालिकेचे हे क्रिकेटमधील रूपांतर असून त्याचा नायक मुंबईतील एक गरीब मुलगा आहे. मूळ कथेत वडील मुलाच्या अंगावर स्प्रिंगांचे साधन बांधून त्याच्याकडून सराव करून घेतात. भारतीय रूपांतरात त्याऐवजी सायकलच्या ट्यूब वापरण्यात आल्या, कारण मूळ दृश्य येथे मुलाचा छळ वाटण्याची शक्यता होती. एका समाजात जे पितृप्रेमाचे कठोर रूप, ते दुसऱ्या समाजात क्रौर्य ठरू शकते, हे निर्मात्यांनी ओळखले होते.

2. 'चित्र म्हणजे बालसाहित्य' हा गैरसमज :

जपानमध्ये ॲनिमे हा एखादा विषयप्रकार मानला जात नाही. कादंबरी बालवाचकांसाठी असते आणि प्रौढांसाठीही असते, तसेच ॲनिमेचे आहे. 16 एप्रिल 1988 रोजी एकाच निर्मितीगृहाचे दोन चित्रपट जोडीने प्रदर्शित झाले. 'माय नेबर टोटोरो' हा लहानग्यांना हर्षित करणारा, तर 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा युद्धकाळात उपासमारीने मृत्यू पावणाऱ्या भावंडांची कहाणी सांगणारा. दोन्ही श्रेष्ठ कलाकृती आहेत. मात्र पाच वर्षांच्या मुलासाठी त्या सारख्याच योग्य आहेत, असे कोणी म्हणणार नाही.

'शिन-चॅन'चा भारतातील इतिहास या दृष्टीने बोलका आहे. नायक पाच वर्षांचा असला, तरी मूळ चित्रकथा 1990 मध्ये प्रौढ वाचकांच्या साप्ताहिकातून सुरू झाली होती. भारतात ती मुलांच्या वाहिनीवर आली. पालकांच्या तक्रारींनंतर 2008 मध्ये तिच्या प्रक्षेपणावर बंदी आली आणि 2009 मध्ये काटछाट करून ती पुन्हा सुरू झाली. नायकाचे वय म्हणजे प्रेक्षकाचे वय, हे गृहीतक किती फसवे आहे, हे यावरून ध्यानात येते.

3. गळून पडलेल्या तीन खुणा :

जपानी प्रेक्षकाला मालिका कोणासाठी आहे हे सांगणाऱ्या काही खुणा त्याच्या परिसरातच उपलब्ध असतात. पहिली खूण प्रक्षेपणाच्या वेळेची. 'डोरेमॉन' सायंकाळी लागते, तर प्रौढ आशयाच्या कित्येक मालिका मध्यरात्रीच्या सुमारास दाखवल्या जातात. दुसरी खूण मूळ नियतकालिकाची. शोनेन म्हणजे किशोर मुलांसाठी, शोजो म्हणजे किशोरींसाठी, सेइनेन म्हणजे तरुण पुरुषांसाठी अशी तेथील चित्रकथा-मासिकांची विभागणी असते. तिसरी खूण भाषेची. लहान मुलांसाठीच्या मजकुरात कठीण चिनी लिपीचिन्हांशेजारी त्यांचे उच्चार छापलेले असतात.

हीच मालिका मोबाइलवरील मंचावर येते, तेव्हा तिन्ही खुणा गळून पडतात. मध्यरात्रीची मालिका दुपारी जेवतानाही पाहता येते. मासिकाचे नाव कोणास ठाऊक नसते. हिंदी ध्वनिमुद्रणामुळे भाषेची अडचणही उरत नाही. शिवाय शोनेन हा शब्द वाचकवर्ग सुचवतो, योग्यतेचे प्रमाणपत्र देत नाही. 'डेथ नोट' व 'डीमन स्लेअर' या दोन्ही चित्रकथा शोनेन साप्ताहिकात प्रसिद्ध झाल्या. पहिलीत एक हुशार विद्यार्थी स्वतःस न्यायाधीश समजून माणसे मारू लागतो, तर दुसरीत कुटुंबाच्या हत्येपासून कथा सुरू होते.

4. वर्गीकरणाची व्यवस्था व तिच्या मर्यादा :

दूरचित्रवाणीसाठी 1994 च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांतील कार्यक्रम संहिता लागू आहे. मुलांसाठी अयोग्य कार्यक्रम मुले सर्वाधिक संख्येने पाहतात त्या वेळी दाखवू नयेत, असे ती सांगते. ऑनलाइन मंचांसाठी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी यू, यू/ए 7+, यू/ए 13+, यू/ए 16+ आणि ए असे पाच वर्ग सांगितले. 13+ व त्यावरील आशयासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय असावी आणि आशयाचे वर्णन आरंभी दाखवावे, अशी त्यांत तरतूद आहे. 2023 च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या यू/ए प्रमाणपत्रातही असेच तीन वयोगट आले.

ही व्यवस्था उपयुक्त आहे, पण अपुरी आहे. एक तर मंच आपल्या आशयाचे वर्गीकरण स्वतःच करतात. दुसरे, निकष देशागणिक बदलतात. 'डीमन स्लेअर'चा 2020 मधील चित्रपट जपानमध्ये बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा अशा वर्गात होता, तर अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांना पालकाविना प्रवेश नाही अशा वर्गात होता. तिसरे आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, आशयाचे वर्णन बहुधा इंग्रजीत, पडद्याच्या कोपऱ्यात, काही क्षणांसाठी येते. केवळ मराठी वाचणाऱ्या पालकापर्यंत ते पोहोचतच नाही. सामाजिक माध्यमांवरून पसरणाऱ्या तुकड्यांवर तर तेवढीही सूचना नसते.

5. समीक्षणाचे निकष :

मुलांच्या दृष्टीने मालिकेचे समीक्षण करताना पुढील बाबी तपासाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

(अ) हिंसेचा परिणाम : रक्त किती दिसते यापेक्षा हिंसेनंतर काय होते, हे पाहावे. जखमीला वेदना होतात का, मारणाऱ्यास पश्चात्ताप होतो का, की हिंसा निव्वळ विनोद वा पराक्रम ठरते? अल्बर्ट बांडुरा यांच्या 1961 व 1963 मधील प्रयोगांनी मुले पाहिलेल्या आक्रमक वर्तनाचे अनुकरण करतात हे दाखवले. 1963 च्या प्रयोगात कार्टूनसदृश पात्राचाही समावेश होता.

(आ) मृत्यू, आत्महत्या व छळ : हे विषय निषिद्ध नाहीत. परंतु त्यांची मांडणी आधार देणारी आहे की निराश करणारी, हे सांगितले पाहिजे.

(इ) देहचित्रण : अल्पवयीन पात्रांचे उत्तान चित्रण हा अनेक मालिकांतील गंभीर दोष आहे. तो विनोदाच्या आवरणाखाली येतो, म्हणून अधिक सावध राहावे.

(ई) आकलनक्षमता : जाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार सुमारे सात ते अकरा वर्षांचे मूल मूर्त गोष्टींबाबत तर्क करू शकते, अमूर्त व काल्पनिक शक्यतांचा विचार त्यानंतर विकसित होतो. त्यामुळे खलनायकालाच नायक करणाऱ्या कथेतील उपरोध लहान मुलास कळेलच असे नाही.

(उ) शारीरिक परिणाम : 16 डिसेंबर 1997 रोजी 'पोकेमॉन'च्या एका भागातील लाल-निळ्या प्रकाशाच्या वेगवान लखलखाटामुळे जपानमध्ये सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. अपस्माराचा त्रास असलेल्या मुलांबाबत ही बाब विसरता कामा नये.

(ऊ) भाषा : 2013 मध्ये बांगलादेशाने हिंदीतील 'डोरेमॉन'चे प्रक्षेपण थांबवले, कारण मुले बंगालीऐवजी हिंदी बोलू लागल्याची चिंता होती. बंदी हा उपाय नव्हे, परंतु मराठी ध्वनिमुद्रणाची मागणी करणे रास्त आहे.

येथे एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. केवळ पहिला भाग पाहून अभिप्राय देऊ नये. 2011 मधील 'मादोका मॅजिका' ही बारा भागांची मालिका गोड चेहऱ्यांच्या मुलींची जादूकथा म्हणून सुरू होते आणि तिसऱ्या भागात एका प्रमुख पात्राच्या भीषण मृत्यूने तिचे खरे रूप उघड होते.

6. तीन उदाहरणे :

'ताकोपीज ओरिजिनल सिन' ही सहा भागांची मालिका 2025 मध्ये आली. परग्रहावरून आलेला, ऑक्टोपससारखा गोंडस जीव चौथीतील एका दुःखी मुलीला चमत्कारिक वस्तूंच्या साहाय्याने सुखी करू पाहतो. मुलीचे नाव शिझुका. 'डोरेमॉन'वर वाढलेल्या मुलास ही आपलीच मालिका वाटावी, अशी सर्व सामग्री येथे आहे. प्रत्यक्षात वर्गातील छळ, कौटुंबिक हिंसा आणि बालकाची आत्महत्या हे तिचे विषय आहेत आणि त्यांना पहिल्याच भागात तोंड फुटते. मोठ्यांसाठी ती विचारप्रवर्तक आहे. शाळकरी मुलांनी ती एकट्याने पाहणे मात्र धोक्याचे आहे. शिक्षकांनी ती स्वतः जरूर पाहावी.

2023 मध्ये सुरू झालेली 'फ्रीरेन' ही मालिका याउलट संथ व चिंतनशील आहे. दीर्घायुषी जादूगार स्त्रीला मित्राच्या मृत्यूनंतर त्याचे मोल कळते आणि ती माणसांना समजून घेण्यासाठी प्रवासास निघते. काही लढायांत शिरच्छेदाची दृश्ये असल्याने ती तेरा वर्षांवरील मुलांसाठी योग्य ठरेल.

तिसरे उदाहरण आपल्या शिक्षकवर्गास जवळचे आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणले आणि शिक्षणक्षेत्रात त्याचे मनःपूर्वक स्वागत झाले. त्यावर आधारित ॲनिमे चित्रपट 2023 मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्यात मित्राचा मृत्यू आहे, युद्ध आहे, शाळा जळून जाणेही आहे. तरीही मोठ्या माणसाच्या सोबतीने आठ-नऊ वर्षांच्या मुलाने तो पाहावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण तेथे दुःखाच्या शेजारी मुलाचे ऐकून घेणारे मुख्याध्यापक उभे आहेत. विषय कठीण असणे आणि कलाकृती अयोग्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

7. महाविद्यालयाची भूमिका :

आपले विद्यार्थी स्वतः ॲनिमेचे प्रेक्षक आहेत, घरात ते थोरले भाऊ-बहीण आहेत आणि त्यांच्यातील काही उद्याचे शिक्षक आहेत. मालिकेची नावे, पात्रे व कथानके त्यांना प्राध्यापकांपेक्षा अधिक ठाऊक असतात. मराठी विभाग, मानसशास्त्र विभाग व राष्ट्रीय सेवा योजना यांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकडून एकपानी मराठी परीक्षणे लिहून घ्यावीत. कथानक, आक्षेपार्ह बाबी, सुचवलेले वय आणि मुलाशी बोलण्यासाठी दोन-तीन प्रश्न, एवढा आराखडा पुरेसा आहे. ही पाने गावातील शाळा, अंगणवाडी व ग्रंथालय यांच्या फलकांवर लागली, तर अभ्यास आणि समाजकार्य दोन्ही साधेल. मराठी गद्यलेखनाचा सराव होईल, हा लाभ वेगळाच.

निष्कर्ष :

1. ॲनिमे हे माध्यम असून त्यात सर्व वयोगटांसाठीचा आशय असतो. सरसकट मुभा आणि सरसकट बंदी, दोन्ही अनुचित आहेत.
2. मूळ समाजातील वयोसूचक खुणा मोबाइलवर नाहीशा होत असल्याने स्वतंत्र समीक्षणाची गरज वाढली आहे.
3. शासकीय वर्गीकरण आवश्यक आहे, परंतु ते मराठी पालकाच्या भाषेत पोहोचत नाही.
4. आशयाची यादी देण्याबरोबरच त्याचा हेतू व परिणाम तपासणारे समीक्षणच पालकास उपयोगी पडते.

समारोप :

जुन्या ग्रंथकारांनी अधिकारी कोण हे सांगितले, त्यामागे श्रोत्यास दूर लोटण्याचा हेतू नव्हता. योग्य वेळी योग्य गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचावी, हीच त्यांची कळकळ होती. नातवाजवळ बसलेल्या आजीला पडद्यावरील इंग्रजी सूचना वाचता येत नाही. तिला 'हे काय आहे आणि हे कोणासाठी आहे' हे तिच्या भाषेत सांगणारे कोणीतरी हवे. ते काम ग्रामीण महाविद्यालयाइतके जवळून दुसरी कोणतीही संस्था करू शकणार नाही.