कणगी गोल का?

लातूर-नांदेडकडे धान्य साठवायची कणगी आता शोधावी लागते. सापडलीच तर माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीत, दगडांवर टेकवलेली, शेणामातीने लिंपलेली, तळाच्या भोकात चिंधीचा बोळा. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. ते रास झाली की थेट अडतीवर जाते; घरात साठवायचे काय?

पण तिच्या गोलाईत पक्के गणित आहे. तुराट्यांचा बारा फुटी तट्ट्या चौकोनी उभा केला तर आत 9 चौरस फूट जागा मिळते, गोल वळवला तर जवळजवळ साडेअकरा. तेवढ्याच तुराट्यांत सव्वापट धान्य! शिवाय धान्य भिंतीला बाहेर रेटते. चौकोनात बाजू फुगतात, कोपरे उसवतात. गोलात रेटा चहूकडे सारखा वाटला जातो, विणीवर फक्त ताण येतो, आणि ताण सोसणे हे विणीचे कामच.

खरी गंमत बोळा काढल्यावर. कणगी काठोकाठ असो की अर्धी, ज्वारी साधारण त्याच वेगाने पडते. पाण्याच्या टाकीत असे होत नाही. दाणे एकमेकांना आणि भिंतीला अडून राहतात, बराचसा भार भिंतच पेलते. जान्सन या जर्मन अभियंत्याने हे 1895 मध्ये सूत्रात मांडले. आजची धान्याची उंच कोठारे, म्हणजे सायलो, त्याच पायावर बांधतात.

पेव हे त्याच गोलाईचे जमिनीखालचे रूप. तोंड अरुंद, पोट मोठे. काळ्या मातीत ते टिकत नाही, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून गावठाणातील पांढरीत किंवा मुरमात खणायचे. आत कडब्याचे अस्तर, वर शिळा आणि मातीचा लेप. कोंडलेल्या हवेतला प्राणवायू कीड आणि दाणे श्वसनात संपवतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड गुदमरते. औषधाची गरजच नाही.

माणसालाही तीच हवा मारते. कार्बन डायऑक्साइड जड, पेवाचे तोंड उघडले तरी तळाशी साचून राहतो. जुनी माणसे आधी कंदील सोडून पाहत, पण कंदील जळतो म्हणून हवा चांगली, असे समजू नका. जुने पेव उघडणार असाल तर पंख्याने आत भरपूर हवा खेळवा, आणि कोणी कोसळलाच तर त्याला काढायला तसेच खाली उतरू नका.