वेसाव्याची नारळी पौर्णिमा

अंधेरीच्या पश्चिमेला, इमारतींच्या पलीकडे, वेसावे हे कोळ्यांचं गाव आहे. पाट्यांवर लिहितात वर्सोवा.

श्रावणी पौर्णिमेला इथे सोनेरी कागदाने मढवलेला नारळ वाजतगाजत नेऊन दर्याला देतात. घरोघरी नारळीभात असतो. पूर्वी या नारळाचा अर्थ सरळ होता: पाऊस ओसरला, दर्या शांत झाला, होड्या लोटा.

आता यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरकारी बंदी असते, मासळीला अंडी घालायला उसंत मिळावी म्हणून. सण मात्र चंद्रावर चालतो. २०२५ साली नारळी पौर्णिमा ८ ऑगस्टला होती. २०२३ साली अधिक मासामुळे थेट ३० ऑगस्टला. बंदी उठलेली, नारळ द्यायचा राहिलेला! मग निघायचं की थांबायचं?

थांबण्यात मला नुसती श्रद्धा दिसत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला दर्या खवळलेला असू शकतो. पण बोट थांबली की कोळणीची पाटीही रिकामी राहते. तोवर उन्हाळ्यात बांबूच्या वलांडीवर वाळवलेले बोंबील विकायचे, आणि त्यातलेच घरात रांधायचे.