घरची गोधडी

कामगार चळवळीचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला, म्हणजे श्रोते पगारवाढीचे भाषण ऐकण्याच्या तयारीने बसतात. मी आज गोधडीविषयी बोलणार, हे ऐकून पुढच्या रांगेतील दोघे-तिघे हसले. हसण्यास माझी हरकत नाही. पण गेल्या चार हिवाळ्यांत मी स्वतः तीन गोधड्या शिवल्या आहेत, आणि माझे शिक्षण शाळेपेक्षा हातांनीच अधिक केलेले असल्यामुळे, जे हाताला कळले तेच सांगतो.

पहिला प्रश्न असा, की चिंध्यांतून ऊब येते कशी? ऊब कापडात नसते. थरांमध्ये जी हवा अडकून स्थिर राहते, ती अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच पाच पातळ धोतरे एकावर एक शिवली, तर ती एका जाड सतरंजीपेक्षा अधिक ऊब देतात. टाका फार दाट घातला, तर ही हवा दाबली जाते. गोधडी टिकाऊ होते, पण जड आणि थंड. टाका विरळ घातला, तर धुताना आतले तुकडे सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात. या दोहोंमधले अंतर ज्या बाईच्या बोटांना उमगले, ती खरी कारागीर.

कापड जुनेच हवे, आणि सुती हवे. नव्या कापडात खळ असते, शिवाय ते पहिल्या धुण्यात आटते. मग शेजारचा जुना तुकडा त्याच्याबरोबर ओढला जाऊन सुरकुत्या पडतात. जुने लुगडे आटायचे तेवढे आटून बसलेले असते. नायलॉनची साडी दिसायला छान, पण ती घाम शोषत नाही, सुताच्या थरावरून घसरते आणि शेकोटीची ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटते. हल्ली घरात जुने सुती कापडच उरत नाही, ही खरी अडचण आहे.

गुंड्या, हुक, जाड शिवणी आधी कापून टाकाव्यात. सोड्यात कपडे उकळून कडक उन्हात वाळवावेत. मग सारवलेल्या किंवा स्वच्छ फरशीच्या जमिनीवर खालचे अखंड लुगडे ताणून पसरावे आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. आतले तुकडे कडेला कड लावून मांडावेत. एकावर एक चढले, की तिथे गाठीसारखा उंचवटा होतो आणि सुई मोडते. वर दुसरे लुगडे. मग वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून सारे थर एकमेकांना धरून ठेवावेत. हे केल्याशिवाय पक्की शिवण सुरू केली, तर शेवटी एक कोपरा हातभर लांब निघतो. माझी पहिली गोधडी तशीच झाली. ती आजही चौकोनी नाही. शेवटी कड आत दुमडून कडेपासून धावदोरा घ्यावा आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर यावे. बोटाला अंगुस्तान हवेच.

आता हिशेब, कारण त्यावाचून माझे भाषण पुरे होत नाही. 6 फूट लांब, साडेचार फूट रुंद गोधडी घ्या. अर्ध्या इंचावर ओळी घेतल्या, तर सुमारे 648 फूट शिवण होते. माझा हात तासाला 20 फूट चालतो. म्हणजे नुसत्या शिवणीचे 32 तास. धुणे, मांडणे वेगळे. हे मी रात्री रेडिओ ऐकत, आनंदाने करतो. तो माझा छंद आहे.

पण गावोगावी व्यापारी बायकांना कापड देऊन जातात आणि नगावर पैसे देतात. तीच सुई, तोच टाका. केवळ घरात बसून केले म्हणून ते ‘फावल्या वेळचे काम’ ठरते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 साली घरबसल्या कामाविषयी करार क्रमांक 177 केला. त्याचा आशय एवढाच, की मोबदल्यासाठी दुसऱ्याने ठरवून दिलेला माल जी आपल्या घरी तयार करते, ती कामगार होय. अमेरिकेतील अलाबामा राज्यात 1966 साली निग्रो म्हणून हिणवलेल्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली, ती याच जाणिवेतून.

एवढे दूर जाण्याचीही गरज नाही. चरखा संघाने 1935 साली ठरवले, की सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाच्या हिशेबाने किमान मजुरी मिळाली पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. पुढच्याच वर्षी, 1936 मध्ये, गांधी सेवा संघाचे अधिवेशन आपल्या या सावलीत भरले आणि गांधीजी येथे आले होते. ज्या गावात चरख्याच्या तासाची किंमत मोजली गेली, त्या गावात सुईच्या तासाची कोणी मोजू नये, याचे मला नवल वाटते.

आमच्या वस्तीतील एक बाई मला म्हणाल्या, “भाऊ, गोधडीचे पैसे हातात पडले की दोन दिवसांची रोवणीसुद्धा त्यात निघत नाही. चूक माझ्या हाताची का?” मी त्यांना वही दिली आणि बसल्या-उठल्याची वेळ लिहायला सांगितली. तयारीचे 3 आणि शिवणीचे 27, एकूण 30 तास निघाले. म्हणजे आठ तासांचे जवळपास चार दिवस. त्यांनी तो कागद व्यापाऱ्यापुढे ठेवला. त्याने तो नीट वाचला आणि पुढचे कापड दुसऱ्या गावी नेले. मी सल्ला दिला खरा, पण एकटीच्या कागदाला वजन नसते, हे मला तीस वर्षांच्या अनुभवानंतर तरी आधी सुचायला हवे होते. आता त्या गल्लीत सात जणी वही लिहितात. व्यापारी परत आलेला नाही. पण तीन गोधड्या त्यांनी तासांच्या हिशेबाने थेट विकल्या.

परवा त्या बाईंकडे गेलो, तर त्या नातवासाठी दुपटे शिवत होत्या. वही कुठे आहे, म्हणून विचारले. म्हणाल्या, “याचे तास नाही लिहीत, भाऊ.”