शिक्षकाचा तास कोण ऐकतं?

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला सातवीच्या वर्गावर पाठवलं. मराठीचा तास. माझा धडा पंधरा मिनिटांत संपला आणि उरलेला वेळ मी फळा पुसत काढला. वर्षभर माझा तास ऐकायला कुणी आलं नाही. तपासली गेली ती टाचण वही! शिकवायचं कसं, हे मी मुलांवर प्रयोग करत शिकलो. त्याची बोच अजून आहे.

पुढे ‘रेशिओ स्टुडिओरम’ वाचनात आलं. ही जेझुइट या कॅथलिक संघाची शिक्षणसंहिता. १५८६मध्ये पहिला मसुदा झाला, तो निरनिराळ्या प्रांतांत अभिप्रायासाठी गेला. १५९१मध्ये सुधारित मसुदा आला, तो विद्यालयांत वापरून पाहिला आणि १५९९मध्ये अंतिम नियम ठरले. तेरा वर्षं अनुभवाची चाळणी लागली म्हणा ना.

या विद्यालयांत आधी लॅटिनचं व्याकरण, मग साहित्य, मग वक्तृत्व अशा पायऱ्या असत, जोडीला ग्रीक. खालच्या वर्गांवर बरेचदा तरुण जेझुइट असत. तत्त्वज्ञान झालं की ईश्वरशास्त्राकडे वळण्यापूर्वी काही काळ शिकवायचं, असा शिरस्ता होता. मग अशा नवख्याला थेट वर्गावर सोडायचं का? नाही. स्वतःचं शिक्षण संपत आलं की त्याने एका मुरलेल्या शिक्षकाकडे आठवड्यातून तीनदा, एकेक तास जायचं. उतारा समजावणं, मजकूर सांगून लिहून घेणं, लेखन तपासणं यांचा सराव करायचा. शिकवू लागल्यावरही अभ्यासप्रमुखाने किमान पंधरवड्यातून एकदा त्याचा तास ऐकायचा.

उतारा समजावण्याचीही रीत ठरलेली. आधी तो वाचायचा, थोडक्यात आशय सांगायचा, मग वाक्यं उलगडायची, शेवटी भाषेची वैशिष्ट्यं दाखवायची. सोपं वाटतं, पण आपल्याला ठाऊक असलेल्यातलं या वर्गाला आज किती सांगायचं, हे नुसत्या पदवीने कळत नाही.

फ्रेंच जेझुइट जोसेफ द जूव्हान्सी याने शिक्षकांसाठी पुस्तक लिहिलं. त्याची १७०३मध्ये आवृत्ती निघाली. त्याचे दोन भाग आहेत. शिक्षकाने स्वतः कसं शिकावं, हा पहिला. कसं शिकवावं, हा दुसरा. हा क्रम मला मोलाचा वाटतो.

त्या विद्यालयांत फक्त मुलगे शिकत आणि मातृभाषेला दुय्यम जागा होती. ते उचलण्याचं कारण नाही. सोबतीने शिकण्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे. आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. ते तास सभागृहात बसून भरले, तर हजेरी लागेल. शिकवणं सुधारेलच असं नाही.

पाचव्या वर्षी मी धीर करून एका ज्येष्ठ बाईंना म्हटलं, “माझ्या तासाला मागच्या बाकावर बसाल का?” त्या बसल्या. नंतर एवढंच म्हणाल्या, “सर, तुम्ही फार बोलता. मुलांना वाचू द्या.”

पहिल्याच आठवड्यात कुणी हे सांगितलं असतं, तर चार वर्गांचं भलं झालं असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)