लाल चेहऱ्यावर पिवळा उतारा

कडक ऊन, वाफाळता चहा, झणझणीत रस्सा, संताप किंवा संकोच. यांपैकी कशानेही चेहरा लाल होतो आणि थोड्या वेळाने पूर्ववत होतो. रोझेशिया हा त्वचाविकार झालेल्यांची लाली मात्र रेंगाळते आणि पुढेपुढे उतरतच नाही. नाक, गाल, कपाळ, हनुवटी यांवरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या कायमच्या रुंदावतात आणि त्यांचे लाल धागे त्वचेतून डोकावू लागतात. कुणाला पुटकुळ्या येतात, कुणाचे डोळे चुरचुरतात. दारूला कधी न शिवलेल्या माणसाकडेही लोक संशयाने बघतात, तो त्रास वेगळाच.

मेट्रोनिडाझोल, ॲझेलेइक ॲसिड किंवा आयव्हरमेक्टिनच्या मलमाने पुटकुळ्या ओसरतात. रुंदावलेली रक्तवाहिनी मात्र या मलमांना दाद देत नाही. तिथे लेसर कामाला येतो.

त्वचेला धक्का न लावता तिच्या आतली रक्तवाहिनी बंद करायची कशी, हा प्रश्न सुटायला वेळ लागला. पहिला लेसर १९६० साली थिओडोर मेमन यांनी बनवला. सत्तरच्या दशकात चेहऱ्यावरच्या जन्मजात लाल डागांवर आरगॉन लेसरचे निळे-हिरवे किरण वापरले जाऊ लागले. डाग फिके झाले, पण किरण अखंड पडत राहिल्याने उष्णता आजूबाजूला पसरे आणि अनेकांच्या चेहऱ्यावर व्रण राहत.

१९८३ मध्ये हार्वर्डच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावर तोड मांडली. प्रकाशाचा रंग असा निवडायचा, की तो मुख्यतः लक्ष्यानेच शोषावा. आणि लक्ष्याची उष्णता शेजारी झिरपण्याआधी प्रकाश थांबवायचा. रक्तातले हिमोग्लोबिन ५७७ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश भरपूर शोषते. म्हणून रंगद्रव्याच्या द्रावणातून पिवळ्या प्रकाशाचे क्षणिक ठोके सोडणारा ‘पल्स्ड डाय लेसर’ तयार झाला. पुढे किरण अधिक खोल जावेत म्हणून तरंगलांबी ५८५ आणि मग ५९५ नॅनोमीटरपर्यंत वाढवण्यात आली.

ठोका बसताच रक्त तापते, वाहिनीची भिंत भाजते आणि शरीर पुढच्या काही आठवड्यांत तिचा निचरा करते. रुग्णाला रबर बँड ताणून सोडल्यासारखा चटका जाणवतो; तो कमी व्हावा आणि वरची त्वचा भाजू नये म्हणून यंत्र त्याच वेळी थंड फवारा मारते. ठोका फार आखूड आणि जोरकस असेल तर वाहिनी फुटते आणि आठ-दहा दिवस जांभळे वळ राहतात. आताची यंत्रे ठोका काही मिलिसेकंदांपर्यंत लांबवून ते बरेच टाळतात. साधारण महिन्याच्या अंतराने अशी काही सत्रे घ्यावी लागतात.

रोझेशियात कधीकधी नाक जाड आणि गाठाळ होते. लूव्र संग्रहालयातल्या चित्रकार गिर्लांदायोच्या सुमारे १४९० च्या चित्रात नातवाला जवळ घेतलेल्या आजोबांचे नाक तसेच आहे. तिथे रक्तावर नेम धरून भागत नाही. ज्याचा प्रकाश पेशींमधले पाणी शोषते अशा १०,६०० नॅनोमीटरच्या कार्बन डायऑक्साइड लेसरने वाढलेला थर तासून काढतात.

सावळ्या त्वचेत गणित बदलते. पिवळा प्रकाश हिमोग्लोबिनप्रमाणे त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिनलाही भावतो आणि मेलॅनिन रक्तवाहिन्यांच्या वर, त्वचेच्या वरच्या थरात बसलेले असते. ऊर्जा जास्त झाली तर काळे डाग किंवा फोड येऊ शकतात. त्यामुळे बहुतेक भारतीय त्वचांवर कमी ऊर्जा, लांब ठोके आणि भरपूर थंडावा लागतो. किंवा ज्याचा प्रकाश मेलॅनिन कमी शोषते असा १०६४ नॅनोमीटरचा एनडी-यॅग लेसर निवडतात. मुळात सावळ्या चेहऱ्यावर लाली चटकन दिसत नाही. आग होणे, टोचणे, चेहरा वरचेवर तापणे याच खुणांवरून रोग ओळखावा लागतो.

लेसरने जुन्या वाहिन्या मिटतात, रोगाची प्रवृत्ती मिटत नाही. ऊन टाळले नाही, सनस्क्रीन लावले नाही, तर नव्या वाहिन्या उमटतात.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. गोरेपणासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडचे मलम लावणाऱ्यांचा चेहराही हुबेहूब असाच लाल होतो. मलम थांबवले की लाली भडकते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर निर्बंध आणले, तरी घरातल्या कपाटात ट्यूब सापडतेच. त्यामुळे लेसरची तारीख ठरवण्याआधी त्वचातज्ज्ञाने चेहऱ्यावर काय लावता आणि किती महिने, हे विचारणे भाग असते. उत्तर स्टेरॉइड निघाले, तर पहिला उपचार ते मलम डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवणे हाच असतो.