साठीनंतरचा रस्ता : रूट ६६

मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावयाचा म्हटले की बालरोगतज्ज्ञाकडून लसीकरण, स्तनपान किंवा परीक्षेचा ताण यांपैकी एखाद्या विषयाची अपेक्षा असते. गेली कित्येक वर्षे मी ती इमानेइतबारे पुरी केली. यंदा मात्र संपादकांची क्षमा मागून निराळ्या विषयाकडे वळतो. साठी पूर्ण झाल्यावर दवाखाना सोपवून, छप्पर उघडता येणाऱ्या स्पोर्ट्स कारमधून, शिकागोपासून कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत अमेरिका आडवी ओलांडण्याचे आम्ही उभयतांनी ठरविले आहे. प्रवास अजून व्हावयाचा आहे, तेव्हा हे प्रवासवर्णन नव्हे. हा तयारीचा वृत्तांत आहे. त्या तयारीत माझी जी फजिती झाली, ती समव्यवसायी मित्रांनी वाचावी असे मला वाटते.

दांडिया बाजारातील माझ्या दवाखान्यात टेबलाच्या खणात एक तांबडी खेळण्यातली मोटार आहे. नऊ महिन्यांचे मूल ती कशी धरते, दीड वर्षाचे कशी ढकलते, घशात बॅटरीचा प्रकाश टाकताना तीन वर्षांचे तिच्याकडे पाहून तोंड उघडते की नाही, हे सारे त्या मोटारीने मला सांगितले आहे. ती साधी मोटार नसून ‘मस्टँग’ आहे, हे ज्ञान मला सात वर्षांच्या एका पेशंटने दिले. त्या रात्री कुतूहलाने वाचत बसलो. फोर्डने ही गाडी १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आणली. गाडीवरून मन रस्त्यावर गेले, आणि ते तेथेच राहिले.

तो रस्ता म्हणजे रूट ६६. ११ नोव्हेंबर १९२६ रोजी अमेरिकन महामार्गांना क्रमांक देण्यात आले तेव्हा त्याचा जन्म झाला. शिकागो ते सांता मोनिका, आठ राज्ये, २,४४८ मैल. आपल्या हिशेबाने सुमारे ३,९४० किलोमीटर. यांपैकी कॅन्सस राज्याच्या वाट्याला जेमतेम १३ मैल आले आहेत. पुढे रुंद इंटरस्टेट महामार्ग झाले. ॲरिझोनातील विल्यम्स या गावाला वळसा घालणारा रस्ता १३ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाला आणि २७ जून १९८५ रोजी रूट ६६ हे नाव अधिकृत यादीतून वगळण्यात आले. म्हणजे हा रस्ता कागदोपत्री केव्हाच निवृत्त झालेला आहे. तरीही त्याचा बराचसा भाग वाहता आहे, आणि जगभरची माणसे मुद्दाम त्यावरून जावयास येतात. २०२६ हे त्याचे शताब्दीवर्ष. त्या गर्दीत शिरण्याची आमची इच्छा नाही.

आरंभाची पाटी शिकागोत ॲडम्स स्ट्रीटवर आहे. समोरच आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत दिसते. सप्टेंबर १८९३ मधील सर्वधर्मपरिषद याच वास्तूत भरली होती आणि स्वामी विवेकानंद तेथे बोलले होते. बडोद्याच्या माणसाला अमेरिका तशी परकी नाहीच. सयाजीराव महाराज १९०६ साली तेथे जाऊन आले आणि तेथील ग्रंथालये पाहून बोर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी १९१० मध्ये येथे पाचारण केले, हे आपल्यापैकी अनेकांनी शाळेतच ऐकलेले असते.

मात्र या रस्त्याच्या इतिहासात मी सर्वांत अधिक रेंगाळलो तो ओक्लाहोमा आणि टेक्ससच्या पट्ट्यात. १९३० च्या दशकात अवर्षण आणि बेसुमार नांगरट यांमुळे तेथील जमिनीचा वरचा थरच वाऱ्यावर उडून गेला. १४ एप्रिल १९३५ चा रविवार भर दिवसा काळोख पसरल्यामुळे ‘काळा रविवार’ म्हणून नोंदला गेला. धुळीने होणाऱ्या न्यूमोनियाने लहान मुले आणि वृद्ध दगावले. दारांना व खिडक्यांना ओल्या चादरी लावून आया बसत असत, हे वाचताना माझ्यातील बालरोगतज्ज्ञ बेचैन झाला. प्रतिजैविके हाती नसलेल्या त्या काळात तेथला माझ्यासारखा डॉक्टर काय करत असेल? हजारो कुटुंबे संसार मोटारीवर बांधून याच रस्त्याने पश्चिमेकडे निघाली. जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ ही १९३९ ची कादंबरी याच स्थलांतराची आहे. कृष्णवर्णीयांना तर या वाटेवर कोठे जेवण मिळेल, कोठे पाठ टेकता येईल, हे सांगणारे ‘ग्रीन बुक’ हे मार्गदर्शक १९३६ पासून तीस वर्षे छापावे लागत होते. उघड्या मोटारीतून वारा खात जाण्याचा रस्ता सर्वांसाठी सारखा नव्हता, हे ठाऊक ठेवूनच जावयाचे आहे.

मुक्कामाची चिंता आमच्या पेशंटांनी मिटविली. चरोतरमधील एक आजीबाई अमेरिकेतून आलेल्या नातवाला थंडीत दरवर्षी माझ्याकडे आणतात. माझा बेत कानावर जाताच त्या म्हणाल्या, “साहेब, अमारे त्यां ज उतरजो.” त्यांच्या मुलाचे मोटेल टेक्ससमधील अमॅरिलोजवळ, अगदी याच मार्गावर आहे. पटेल मंडळींनी या व्यवसायात किती मजल मारली आहे हे गुजरातेत राहणाऱ्यांना सांगावयास नको. हॉटेलमालकांच्या त्यांच्या संघटनेची स्थापना १९८९ ची. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक हॉटेले आपल्या सभासदांची आहेत असे ती सांगते. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे तंबूच्या आकाराच्या काँक्रीटच्या खोल्यांचे एक जुने मोटेल आहे. तेही २००३ साली एका पटेल कुटुंबानेच घेऊन सावरले. थोडक्यात, शिकागोहून निघालेल्या माणसाला वाटेत खिचडी-कढी मिळण्याचा संभव बराच आहे.

गाडीवर घरात बरीच चर्चा झाली. १९६० ते १९६४ या काळात ‘रूट ६६’ नावाचीच दूरदर्शन मालिका अमेरिकेत गाजली. तिच्यातील दोघे तरुण शेव्हरोले कॉर्व्हेटमधून फिरत. कॉर्व्हेटला आसने दोनच. ती खरी स्पोर्ट्स कार. मस्टँगला मागे दोन आसने असतात खरी, पण ती इतकी अरुंद की त्यांत मी माझ्या पेशंटांनाही बसविणार नाही. आमचे एक ऑर्थोपेडिक स्नेही म्हणतात की मस्टँगला स्पोर्ट्स कार म्हणणे म्हणजे शेवखमणीला पुरणपोळी म्हणणे. असो. भाड्याने सहज मिळते ती मस्टँग, आणि मागच्या आसनांवर सामान ठेवता येते, या दोन कारणांनी तिचा विजय झाला.

आता फजितीकडे येतो. मला मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत मी एकदाही फिजिशियनकडे गेलो नव्हतो. कधी मित्राला फोनवर विचारावे, कधी कंपनीच्या प्रतिनिधीने ठेवलेल्या नमुन्याच्या गोळ्या चालू कराव्यात, कधी एखाद्या परिषदेतील भाषण ऐकून मात्रा बदलावी, असा माझा उपचार. सौ. पॅथॉलॉजिस्ट. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारा रिपोर्ट तिने काढावा आणि मी तो खणात टाकावा. आईबापांनी मुलाची मात्रा स्वतःच्या मनाने बदलली तर मी त्यांच्यावर किती रागावतो, हे येथे लिहीत नाही.

मागील वर्षी अहमदाबादची परिषद आटोपून आम्ही द्रुतगती मार्गाने परतत होतो. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेली, आणि जेवणाची रांग मोठी म्हणून दुपारचे जेवण टाळलेले. रस्ता ९३ किलोमीटरचा, शेकडो वेळा केलेला. नडियाद मागे पडल्यावर मला घाम येऊ लागला. वाटेवरचा फलक वाचता येत होता, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. गाडी डाव्या पट्ट्यात सरकू लागली तेव्हा सौ.ने प्रथम हाक मारली, मग दरडावले, आणि गाडी कडेला घ्यावयास लावली. मी चिडून नकार दिला होता, असे ती म्हणते. मला ते आठवत नाही. सासूबाईंसाठी घेतलेले पेढे तिने एकामागून एक माझ्या तोंडात घातले. ग्लुकोमीटर अर्थातच दवाखान्यात होता. पंधरा मिनिटांनी मी भानावर आलो. शेजारून ट्रक शंभरच्या वेगाने जात होते.

बडोद्यापर्यंत गाडी तिने चालविली. ती चाळीसच्या वर कधी जात नसे आणि या मार्गावर तिने पूर्वी कधीच चालविले नव्हते. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, “आधी फिजिशियनला दाखव. मग अमेरिकेचं बघू. आणि अर्धा रस्ता मी चालवणार.” आम्ही मेडिकलचे एकाच बॅचचे, त्यामुळे बोलणे एकेरीच.

दुसऱ्या सोमवारी मी आयुष्यात प्रथमच टोकन घेऊन एका तरुण फिजिशियनसमोर बसलो. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. त्याने माझी चूक दोन मिनिटांत दाखविली. उपाशीपोटी साखर खाली नेणारी गोळी आणि लांबचा प्रवास यांचे जमत नाही, हे मला ठाऊक नव्हते काय? होते. पण ते माझ्या बाबतीत लागू करणारा कोणी नव्हता. ग्लिमेपिराइड बंद झाली. मेटफॉर्मिन राहिली आणि जोडीला सिटाग्लिप्टिन आली. लघवीवाटे साखर घालविणाऱ्या नव्या गोळ्यांचा विचार त्याने केला, पण मोहावेच्या वाळवंटात छप्पर उघडून जावयाचे तर शरीरातील पाणी आणखी घटविणारे औषध प्रवासात नको, असे त्याचे मत पडले. डोळ्यांच्या पडद्याची आणि हृदयाचीही तपासणी झाली. पडद्यावर आरंभीचे किंचित बदल आहेत. नऊ वर्षांत ते केव्हा सुरू झाले हे आता कोणास सांगता येणार नाही.

ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना जे नियम घालून दिले आहेत, ते मी गरज नसताना स्वतःला लावून घेतले आहेत. निघण्यापूर्वी साखर पाहावयाची, नंतर दर दोन तासांनी. ९० च्या आत असेल तर आधी खावयाचे. ७० च्या जवळ असेल तर चाक हाती घ्यावयाचे नाही. साखर कमी होऊन गेली असेल तर ती ताळ्यावर आल्यानंतरही पाऊण तास थांबावयाचे, कारण मेंदू रक्ताच्या मागून सावरतो.

या साऱ्यामुळे वेळापत्रकच बदलले. प्रथम मी १२ दिवसांत सगळे उरकणार होतो. आता २३ दिवस, रोज सरासरी १७० किलोमीटर, दर दीड तासाला थांबून चालणे. वसंतात ओक्लाहोमात चक्रीवादळांचा धोका आणि उन्हाळ्यात मोहावेत भट्टी, म्हणून सप्टेंबरअखेर निघावयाचे. ऑक्टोबरच्या आरंभी अल्बुकर्कीला गरम हवेच्या फुग्यांचा मोठा मेळा असतो आणि खोल्या मिळत नाहीत, तेव्हा तेथे आधीच आरक्षण हवे. टेक्ससमधील एड्रियन हे गाव बरोबर मध्यावर. गाडीचा ताबा तेथे सौ.कडे जाईल. म्हणजे सातेक हजार फुटांवरचे फ्लॅगस्टाफ, विल्यम्सहून ग्रँड कॅन्यनचा फाटा आणि ओटमनकडे उतरणारा वळणावळणांचा घाट, जेथे मोकळी गाढवे रस्त्यात उभी असतात, हे सारे तिच्या वाट्याला आले आहे. वाटणी करताना नकाशा मी नीट पाहिला नव्हता.

तिने द्रुतगती मार्गावर सराव सुरू केला आहे. मीही तिकडचे नियम पाठ करीत आहे. पिवळी शाळेची बस तांबडे दिवे लावून थांबली की समोरून येणाऱ्यांनीही थांबावयाचे, हा नियम मला फार आवडला. मूल रस्ता ओलांडेपर्यंत दोन्ही बाजूंची वाहतूक स्तब्ध! आमच्या दवाखान्यासमोर तो उद्या लागू व्हावा.

आणखी एक परीक्षा आहे ती पाटाची. मस्टँगचे आसन जमिनीपासून फार थोडे वर असते. पाटावर बसून, हात न टेकता, दिवसातून दहा वेळा उठता आले तरच त्या गाडीत बसण्यात अर्थ आहे, असे आमच्या फिजिओथेरपिस्टने सांगितले. पहिल्या दिवशी सौ. सात वेळा उठली. मी दोनदा, तेही भिंतीच्या आधाराने.

आणि दवाखाना? २९ वर्षांत माझी सर्वांत मोठी रजा ११ दिवसांची होती, २००९ साली. आपण नसलो तर काय होईल ही शंका प्रत्येक खासगी डॉक्टरला असते, आणि खरे सांगावयाचे तर तिच्यात थोडे सुखही असते. गेल्या दिवाळीनंतर एका तरुण सहकारी डॉक्टर मुलीच्या हाती दवाखाना देऊन मी मुद्दाम १५ दिवस घरी बसलो. मोबाइल सौ.च्या ताब्यात. परत गेलो तेव्हा नोंदवहीत पेशंटांची संख्या नेहमीइतकीच होती. चरोतरच्या त्याच आजीबाई बाहेर बसल्या होत्या. मी दार उघडून त्यांना आत बोलाविले, तर त्यांनी संकोचून विचारले, “पेलां बेन नथी आव्यां?”

आता त्या बाई आठवड्यातून तीन दिवस येतात. पुढील वर्षापासून पाच दिवस येतील. तांबडी मोटार खणातच आहे, ती त्यांना लागते. परवा सकाळी माझी साखर १०८ होती. पाटावरून सहा वेळा उठलो.