नाताळचे ताट आणि दत्तजयंतीचे कीर्तन

मार्गशीर्ष म्हणजे साक्षात भगवंतांनी स्वतःची विभूती म्हणून गौरविलेला मास. 2023 साली या मासातील दत्तजयंती 26 डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी आली होती. कीर्तनसेवेच्या निमित्ताने मी दोन दिवस आधीच गिरगावात कन्येच्या बिऱ्हाडी उतरलो. घरात पाऊल टाकतो तो करंज्यांचा घाणा चाललेला. नैवेद्याची ही तयारी फार लवकर नव्हे काय, असे मी सहज विचारले.

कन्या म्हणाली, "आप्पा, ह्या नैवेद्याच्या नाहीत. उद्या संध्याकाळी चर्चच्या सभागृहात वाडीतल्या मुलांचा नाताळ आहे. आम्ही चौघेही वाढायला जाणार. तुम्हीही या ना."

वाचकहो, खोटे कशाला सांगू? मी क्षणभर गप्पच झालो. आमच्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव येई, ते निःश्वासासह. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराची वाताहत झाली. पुढे काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, तेव्हाही प्रथम त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. 'स्मृतिचित्रे'तील ती प्रकरणे वाचताना आजही डोळे ओलावतात. ते भय रक्तात मुरलेले. नातवंडे चर्चमध्ये पंगत वाढणार, ही कल्पनाच मनाला टोचू लागली.

जावयांनी माझ्या मनातले ओळखले. ते म्हणाले, "आप्पा, केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 पासून गणपती बसतो. खोताच्या वाडीतली ख्रिस्ती मंडळी दर वर्षी दर्शनाला येतात. त्यांना कधी कोणी 'का आलात?' असे विचारले आहे काय?"

यावर उत्तर नव्हते. मी उपरणे सावरले आणि दुसऱ्या दिवशी निघालो.

खोताची वाडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ती लाकडी जिन्यांची, उतरत्या कौलांची घरे आठवतील. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांवरून वाडीला नाव पडले आणि तेथे वस्ती झाली ती बहुतांशी ईस्ट इंडियन कुटुंबांची. नावावरून ही मंडळी पूर्वेकडची वाटतील, पण ती मुंबई, साष्टी आणि वसईची मूळ रहिवासी. 1887 साली त्यांनी हे नाव घेतले. घरातली त्यांची बोली मराठीचेच एक रूप आहे. आणि मराठीचे म्हणाल तर, फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाने आपले 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीतच रचिले. ते 1616 साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. ओवीच्या या सोयरिकीची आठवण मला त्या दिवशी प्रथमच झाली.

सभागृहात कागदी चांदण्या लोंबत होत्या. कोपऱ्यात गवताच्या गोठ्याचा देखावा होता. त्यात गाय, गाढव, मेंढरे आणि मध्ये तान्हे बाळ. असा देखावा मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिस यांच्यापासून रूढ झाली असे सांगतात. त्यांनी 1223 साली इटलीतील एका खेड्यात तो उभारला होता. माझा नातू खुर्च्या मांडीत होता, नात सरबताचे पेले भरीत होती. कन्येच्या करंज्या शेजारणीच्या नेवऱ्यांमध्ये अशा मिसळल्या होत्या की कोणती कोणाची हे सांगता येईना.

तेथील धर्मगुरूंनी मला मुलांना गोष्ट सांगण्याचा आग्रह केला. मी उभा राहिलो आणि जी ओठांवर आली ती सांगितली. मध्यरात्रीचा जन्म, बंदिशाळा, कंसाचे भय, डोईवर टोपली घेऊन यमुनेत उतरलेले वसुदेव. मुले निश्चल बसून ऐकत होती. गोष्ट संपताच एक वृद्ध ख्रिस्ती बाई म्हणाल्या, "बुवा, आमच्याही बाळाला घेऊन आईबाप रातोरात इजिप्तला पळाले हो. आमचा हेरोद राजा तुमच्या कंसासारखाच!"

दोन कथा एकच आहेत, असे मी म्हणणार नाही. प्रत्येकीचा देव आणि दर्शन निराळे आहे. परंतु तान्ह्या जिवासाठी आईबापांचा जीव कासावीस होतो, तो कोणत्या धर्माचा म्हणावा?

मग पंगत बसली. केकमध्ये अंडे असणार, नाही म्हटले तर यजमानांचा अपमान व्हायचा, या विवंचनेत मी असतानाच त्याच बाई केळीचे पान घेऊन आल्या. त्यावर केळी, संत्र्याच्या फोडी आणि पेलाभर दूध. "तुमचं व्रत असेल, म्हणून वेगळं ठेवलंय. आमच्या भांड्याला लावलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या.

मला माझीच लाज वाटली. मी आपला धर्म सांभाळण्याच्या काळजीत होतो आणि तो माझ्याआधी त्यांनीच सांभाळून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी कीर्तनात मी भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताचे आख्यान लावले. त्या महात्म्याने पृथ्वी, वायू, मधमाशी, अगदी हातातली कांकणे उतरवून ठेवणारी कुमारिका, अशा चोवीस जणांना गुरू केले. पूर्वरंग संपताना मी श्रोत्यांना केळीच्या पानाची ही हकिकत सांगितली आणि म्हटले, "अवधूताचे गुरू चोवीस. माझ्या यादीत काल पंचविसाव्या बसल्या."

मागच्या रांगेत त्या बाई माझ्या नातीशेजारी येऊन बसल्या होत्या. आरतीनंतर त्यांनी दोन्ही हात पुढे करून सुंठवडा घेतला.